पॉटलकला न्यायचं क्रीमी थंड सॅलड, पाणी न सुटता

पहिल्यांदा मी हे सॅलड सणाच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेलं, तेव्हा आदल्या रात्री अकरा वाजता सगळं कालवून, काचेच्या मोठ्या बाऊलमध्ये भरून, झाकण लावून निवांत झोपले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर झाकण काढलं तर तळाशी दोन बोटं पांढुरकं पाणी, त्यात तरंगणारी ब्रोकोली, आणि तिचा हिरवा रंग जाऊन शेवाळी झालेला. लोक सभ्य होते. प्रत्येकाने एकेक चमचा वाढून घेतला आणि ताटाच्या कडेला तसाच ठेवला. बाऊल जवळजवळ भरलेलाच घरी परत आला. मेहनत पाण्यात जाते म्हणतात ती माझ्या बाबतीत अक्षरशः गेली होती.

रेसिपीत काही चूक नव्हती. मेयोनेझ चांगलं होतं, भाज्या ताज्या होत्या, प्रमाणही बरोबर होतं. चुकलं होतं ते पाणी. भाजीच्या पोटात पाणी असतं, धुतल्यावर अंगावर पाणी राहतं, मीठ लागलं की आतलं पाणी बाहेर यायला लागतं, आणि मेयोनेझ कितीही घट्ट असलं तरी थोड्याशा पाण्याने सैल पडतं. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढच्या वेळी काय करायचं ते आपोआप सुचत गेलं. खालच्या बऱ्याचशा पायऱ्या म्हणजे पाणी कुठून येतं ते ओळखून तिथेच त्याला अडवणं, एवढंच आहे. उरलेल्या पायऱ्या सॅलड थंड ठेवण्याच्या आहेत, आणि त्या चवीपेक्षा तब्येतीसाठी जास्त महत्त्वाच्या.

मी इथे ब्रोकोली, फ्लॉवर आणि मटार घेतले आहेत. नवख्या माणसाने यांच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण या भाज्या दणकट आहेत. प्रवासात चेंगरत नाहीत, काकडी-टोमॅटोसारख्या पाणी सोडत नाहीत आणि ड्रेसिंग लागल्यावरही काही तास कुरकुरीत राहतात.

१. आधी घड्याळ उलटं मोजा

जेवण किती वाजता आहे ते बघा आणि तिथून मागे या. कालवलेलं सॅलड फ्रिजमध्ये किमान दोन तास मुरायला हवं, पण शक्यतो चार-पाच तासांपेक्षा जास्त नको. म्हणजे दुपारी एकचं जेवण असेल तर सकाळी नऊ-दहाला कालवायचं. कापणं, उकळत्या पाण्यातून काढणं, कोरडं करणं आणि ड्रेसिंग बनवणं हे सगळं आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतं. फक्त भाज्या वेगळ्या ताटात आणि ड्रेसिंग वेगळ्या बरणीत. रात्री ही दोन भांडी एकत्र करायचा मोह होतो, कारण सकाळी घाई असते. तो मोह टाळा. मी टाळला नव्हता, त्याचं फळ वर सांगितलंच आहे.

प्रत्यक्ष हाताचं काम साधारण पाऊण तासाचं आहे. बाकी सगळा वेळ वाळण्याचा आणि गार होण्याचा.

२. काय काय लागेल

हे प्रमाण दहा-बारा जणांचं आहे, टेबलावर इतर पदार्थही असतील असं धरून. एकेकाला वाटीभर येतं.

भाज्या:
- ब्रोकोली ५०० ग्रॅम
- फ्लॉवर ५०० ग्रॅम
- गोठवलेले मटार २५० ग्रॅम
- गाजर २ मध्यम
- लाल कांदा अर्धा
- बेदाणे किंवा सुकवलेल्या क्रॅनबेरी ६० ग्रॅम
- भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया किंवा बदामाचे काप ६० ग्रॅम
- घट्ट चीजचे बारीक चौकोनी तुकडे १०० ग्रॅम (नसले तरी चालतात)

ड्रेसिंग:
- मेयोनेझ २०० ग्रॅम
- चक्का २०० ग्रॅम (साधारण ४०० ग्रॅम दही फडक्यात बांधून, फ्रिजमध्येच तीन-चार तास निथळत ठेवलं तर एवढा निघतो)
- व्हिनेगर २ मोठे चमचे
- साखर १ मोठा चमचा
- मस्टर्ड सॉस २ छोटे चमचे
- ताजी कुटलेली मिरी १ छोटा चमचा
- मीठ पाऊण छोटा चमचा, पण सुरुवातीला निम्मंच

मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा म्हणजे ५ मिली. घरातले जेवायचे चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे व्हिनेगर आणि मीठ तरी मापाच्या चमच्याने घ्या.

भांडी: मोठं पातेलं, मोठी चाळणी, बर्फाच्या पाण्यासाठी खोलगट भांडं, झारा, स्वच्छ सुती पंचे दोन-तीन, आणि सगळं सॅलड अर्धंच भरेल एवढं मोठं कालवायचं भांडं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. काठोकाठ भरलेल्या भांड्यात कालवायला गेलं की भाज्या मोडतात आणि निम्मं ड्रेसिंग ओट्यावर येतं. पालेभाज्या गरगर फिरवून वाळवायचं जाळीचं यंत्र असेल तर उत्तमच, पण नसलं म्हणून विकत आणू नका. पंचाने भागतं.

३. तुकडे एका घासाचे करा

पॉटलकला लोक एका हातात ताट धरून उभ्याने खातात. सुरी नसते, बऱ्याचदा काटाही नसतो. म्हणून ब्रोकोली आणि फ्लॉवरचे तुरे साधारण दोन सेंटिमीटरचे करा. तुरा मोठा राहिला तर तो चावताना तोंडाला ड्रेसिंग लागतं, आणि चारचौघांत ते कुणालाच नको असतं.

तुरा वरून कापू नका. वरून सुरी चालवली की फुलाचा चुरा होतो आणि तो भुसा ड्रेसिंगमध्ये मिसळून सगळं सॅलड करड्या-हिरव्या रंगाचं दिसतं. देठाच्या बाजूने अर्धी चीर द्या आणि पुढचं हाताने फाडा.

ब्रोकोलीचा जाड देठ टाकू नका. वरची धागेदार साल जाडसर सोलली की आतला गाभा गोडसर आणि कुरकुरीत असतो. त्याचे मटाराएवढे तुकडे करा. गाजर किसू नका, किसलेलं गाजर पाणीही सोडतं आणि रंगही. बारीक चौकोनी तुकडे करा.

फ्लॉवर कापण्याआधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, किडे-अळ्या असतील तर बाहेर येतात. मग दोन वेळा साध्या पाण्याने धुवा.

४. उकळत्या पाण्यातून काढा, लगेच बर्फात टाका

बरेच जण ब्रोकोली आणि फ्लॉवर कच्चेच घालतात. तेही चालतं, आणि कच्च्याचा रंग जास्त टिकतो. पण कच्चा फ्लॉवर सगळ्यांना पचत नाही आणि त्याचा उग्र वास बंद डब्यात आणखी वाढतो. मी दोन्ही भाज्या जेमतेम उकळत्या पाण्यातून काढते. कच्चेपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो.

पातेल्यात तीन-चार लिटर पाणी खळखळून उकळा आणि त्यात दोन मोठे चमचे मीठ घाला. ब्रोकोली ४५ सेकंद ते १ मिनिट, फ्लॉवर दीड ते दोन मिनिटं. दोन्ही वेगवेगळे, आणि एका वेळी थोडेथोडेच. सगळी भाजी एकदम टाकली तर पाण्याची उकळी बसते आणि भाजी उकडण्याऐवजी कोमट पाण्यात भिजत पडते.

ब्रोकोली पाण्यात पडताच एकदम पाचूसारखी हिरवी होते. तिच्या पेशींमधली अडकलेली हवा निघून गेल्यामुळे आतला हिरवा रंग स्पष्ट दिसतो. तीच ब्रोकोली आणखी काही मिनिटं ठेवली तर भाजीतल्याच आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. व्हिनेगर घातलेल्या ड्रेसिंगमध्ये रात्रभर पडून राहिली तरी हेच होतं, फक्त सावकाश. कालवायचं काम त्याच दिवसावर ठेवायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

झाऱ्याने काढून भाजी थेट बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ भाजीच्या वजनाइतका तरी हवा. दोन खडे टाकलेलं पाणी उपयोगाचं नाही, ते लगेच कोमट होतं. दोन मिनिटांत भाजी आतपर्यंत गार होते, की बाहेर काढा. तशीच ठेवून फोन घ्यायला गेलात तर तुरे स्पंजसारखं पाणी पितात.

मटारही एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा. पाकिटातले मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेलेच असतात, त्यामुळे ‘नुसते वितळवून घातले की झालं’ असं पुष्कळांना वाटतं. पण पाकिटातली प्रत्येक भाजी तशीच खाण्यासाठी असते असं नाही. युरोपात २०१५ पासून रेंगाळत राहिलेल्या लिस्टेरियाच्या एका साथीचा माग २०१८ मध्ये गोठवलेल्या मक्यापर्यंत लागला होता. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि आपलं सॅलड पुढे कधी शिजणार नाही. एक मिनिटाचं काम आहे, करून टाका.

गाजराला आणि ब्रोकोलीच्या देठाला उकळायची गरज नाही.

५. कोरडं करा, मग आणखी कोरडं करा

या सॅलडचं यश याच पायरीवर ठरतं आणि सगळ्यात जास्त घाई याच पायरीला होते.

चाळणीत भाजी पाच मिनिटं निथळू द्या, मधूनमधून चाळणी हलवा. मग ओट्यावर पंचा पसरा आणि तुरे त्यावर फूल खाली, देठ वर असे मांडा. ब्रोकोलीचं फूल म्हणजे शेकडो बारीक कळ्यांचा गुच्छ, त्यांच्या फटींत पाणी दडून बसतं. फूल वर ठेवलं तर ते तिथेच राहतं, उलटं ठेवलं तर पंचात झिरपतं. एवढी साधी गोष्ट मला कळायला तीन वर्षं लागली.

वीस मिनिटांनी पंचा ओला झालेला दिसेल. तुरे दुसऱ्या कोरड्या पंचावर हलवा. मग मोठ्या ताटात कोरडं फडकं घालून, त्यावर भाज्या पसरून, वरून दुसरं फडकं सैलसर झाकून ताट फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधली हवा कोरडी असते, ती उरलेलं काम रात्रभरात करते. झाकणाच्या डब्यात भरून ठेवलंत तर तीच वाफ झाकणाला लागून परत भाजीवर टपकेल. ताट वरच्या कप्प्यात ठेवा, कच्चं मांस किंवा मासे असतील ते त्याच्या खालच्या कप्प्यात.

सकाळी एक चाचणी घ्या. एक तुरा कोरड्या टिश्यूत धरून हलकेच दाबा. टिश्यूवर ओला डाग पडला तर अजून थांबा, पुन्हा टिपा. डाग पडला नाही तरच पुढे जा.

६. कांद्याचा तिखटपणा काढा

कांदा अगदी बारीक चिरून गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा. डोळ्यांतून पाणी काढणारं आणि जिभेला झोंबणारं द्रव्य पाण्यात बरंचसं उतरतं. न भिजवता घातलेला कांदा डब्यात तासागणिक उग्र होत जातो, आणि जेवणाच्या वेळी सॅलडला दुसरी कसलीच चव राहत नाही. भिजवून झाल्यावर घट्ट पिळा आणि पंचाने टिपा. पाण्याचं शत्रुत्व इथेही विसरायचं नाही.

७. ड्रेसिंग घट्टच हवं

मेयोनेझ म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब थोड्याशा आंबट पाण्यात लटकलेले. त्यांना एकमेकांना चिकटू न देण्याचं काम अंड्याच्या बलकातलं लेसिथिन करतं. घट्टपणा तेलाच्या थेंबांच्या दाटीतून येतो. म्हणून ‘लाइट’ लिहिलेलं मेयोनेझ इथे नको. त्यात तेल कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणजे आपण जे बाहेर काढायला एवढे झटलो तेच विकत आणून घालतोय. (अमेरिकेत तर मेयोनेझ हे नाव लावायला किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावंच लागतं.)

नुसत्या मेयोनेझचं सॅलड दोन घासांत जड वाटायला लागतं, म्हणून मी निम्मा चक्का घेते. आंबटपणा येतो आणि घट्टपणा जात नाही. साधं दही मात्र घालू नका. चक्का बोटाने उचलला तर बोटावर उभा राहायला हवा.

मोठ्या वाडग्यात आधी व्हिनेगर, साखर, मस्टर्ड आणि निम्मं मीठ एकत्र करा आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. मग मेयोनेझ, शेवटी चक्का. हा क्रम उलटा केला तर साखर मेयोनेझमध्ये विरघळता विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. चक्का घातल्यावर हलक्या हाताने मिसळा, फार घोटला तर सैल पडतो. मिरी घालून बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

ड्रेसिंग चाखताना ते जरा जास्तच आंबट, जास्तच चटपटीत वाटायला हवं. पुढे ते किलोभराहून जास्त अळणी भाजीत वाटलं जाणार आहे.

घरी मेयोनेझ बनवणार असाल तर त्यात कच्चं अंडं जातं आणि त्यातून साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. चारचौघांत न्यायच्या पदार्थात लहान मुलं, म्हातारी माणसं, एखादी गरोदर बाई जेवणार हे धरूनच चालावं. पाश्चराइज्ड (जंतू मरतील इतकीच उष्णता दिलेली) अंडी मिळाली तर ती वापरा, नाहीतर सरळ विकतचं मेयोनेझ आणा. यात कमीपणा काही नाही. अंडं न खाणारे असतील तर बिनअंड्याचं मेयोनेझ या सॅलडात व्यवस्थित चालतं, फक्त ते बहुधा गोड असतं, त्यामुळे साखर निम्मी करा.

८. कालवणं

सगळं गार असतानाच कालवा. भाजी फ्रिजमधली, ड्रेसिंग फ्रिजमधलं, आणि जमलं तर भांडंही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेलं.

भांड्यात ब्रोकोली, फ्लॉवर, गाजर, कांदा आणि बेदाणे घ्या. बेदाणे भिजवू नका. कोरडे बेदाणे सॅलडात सुटलेलं थोडं पाणी शोषून घेतात आणि स्वतः फुगून मऊ होतात, म्हणजे आपला दुहेरी फायदा. ड्रेसिंगचा तीन चतुर्थांश भाग घाला आणि दोन मोठ्या चमच्यांनी तळापासून वर उचलत मिसळा. गोल गोल ढवळलं तर तुरे मोडतात. मटार आणि चीज शेवटी घालून दोनच वेळा उलटंपालटं करा.

उरलेलं पाव ड्रेसिंग राखून ठेवा. दोन-तीन तासांनी सॅलड कोरडं दिसायला लागतं, तेव्हा ते लागतं. आणि बियांना किंवा बदामाला अजिबात हात लावू नका. त्या छोट्या डब्यात वेगळ्या न्यायच्या आणि वाढायच्या क्षणी वर पेरायच्या. आधी घातल्या तर भिजलेल्या शेंगदाण्यासारख्या लागतात.

मीठ आत्ता वाढवू नका. मिठाच्या संगतीत भाजीतलं पाणी बाहेर येतं, त्यामुळे मिठाची शेवटची चिमूट जितकी उशिरा तितकं बरं.

९. गार झाल्यावर पुन्हा चाखा

थंडीत चव दबते, विशेषतः गोडवा. कालवताना अगदी बरोबर वाटलेलं सॅलड दोन तासांनी फ्रिजमधून काढलं की बेचव लागतं. म्हणून निघायच्या आधी गारच चाखा. मी बहुतेक वेळा या टप्प्यावर राखून ठेवलेलं ड्रेसिंग, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा व्हिनेगर घालते. काहीतरी कमी वाटतंय पण काय ते कळत नाहीये, असं झालं तर आधी व्हिनेगर घालून बघा. दहापैकी आठ वेळा तेच कमी असतं.

तळाशी थोडं पाणी आलंच असेल तर घाबरू नका. चाळणीत ओतून दोन मिनिटं निथळू द्या आणि राखलेलं ड्रेसिंग घाला. मेयोनेझ वरून ओतत राहून पाणी झाकायचा प्रयत्न करू नका, त्याने नुसतं पांढरं सूप होतं.

भाजी बदलायची असेल तर

कोबीचं सॅलड, म्हणजे कोलस्लॉ (डच भाषेत ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड), करायचं असेल तर पाण्याशी लढाई आधीच उरकून घ्यावी लागते. किलोभर बारीक चिरलेल्या कोबीला दोन छोटे चमचे मीठ चोळून तासभर चाळणीत ठेवा. खालच्या भांड्यात पाणी साठेल. कोबी एकदा धुवा, मूठमूठ घेऊन घट्ट पिळा, मग ड्रेसिंग घाला. या वेळी ड्रेसिंगमध्ये मीठ अजिबात नको.

बटाट्याचं सॅलड असेल तर शिजल्यावर भुगा न होणारा, मेणचट जातीचा बटाटा निवडा. तुकडे गार पाण्यात टाकून मग आच लावा, म्हणजे आतबाहेर सारखे शिजतात. पाण्यात मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घाला, आम्लामुळे कडा विरघळत नाहीत. निथळल्यावर गरम असतानाच थोडं व्हिनेगर शिंपडा, गरम बटाटा चव आत ओढून घेतो. मेयोनेझ मात्र पूर्ण गार झाल्यावरच. गरम बटाट्यावर घातलं की तेल सुटतं.

आदल्या रात्रीच सगळं तयार करून मोकळं व्हायचं असेल, तर थरांचं सॅलड करा. काचेच्या उभट भांड्यात तळाशी कोरडी सॅलडची पानं, त्यावर गाजर, मटार, कांदा, उकडलेली अंडी असे थर, आणि अगदी वर ड्रेसिंगचा जाड थर कडेपर्यंत पसरलेला. ड्रेसिंग झाकणाचं काम करतं आणि तळातल्या पानांना लागत नाही, त्यामुळे पानं दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत मिळतात. कालवायचं वाढताना. दिसायलाही सुरेख दिसतं, फक्त गाडीत मांडीवर धरून न्यावं लागतं.

१०. नेताना

सॅलड खोल भांड्यात ठासून भरण्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर उंचीच्या पसरट डब्यांत भरा. खोल भांड्याचा मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो. डबा फ्रिजमधून काढला की थेट थंडी टिकवणाऱ्या पिशवीत, खाली एक आणि वर एक बर्फाची थैली. अशी पिशवी नसेल तर डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून जाड टॉवेल लपेटून न्या. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तिथे भट्टी होते.

बिया, राखलेलं ड्रेसिंग आणि वाढायचा मोठा चमचा यांची वेगळी पिशवी करा. चमचा हमखास राहतो. मग कुणीतरी भाताचा डाव सॅलडात घालतं.

एक चिठ्ठीही लिहून न्या: अंडं, दूध, मोहरी, बदाम, जे काही त्यात आहे ते. ज्यांना एखाद्या गोष्टीची ॲलर्जी आहे ते लोक बऱ्याचदा विचारायला संकोचतात आणि न खाताच उठतात.

११. टेबलावर

थंडीच्या बाबतीत मी जराही सूट देत नाही. ४ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि कुठलंही टेबल त्या पट्ट्यातच असतं. फ्रिजबाहेर एकूण दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, ही मर्यादा. हे दोन तास टेबलावर ठेवल्यापासून मोजायचे नाहीत, थंडी सुटल्यापासून मोजायचे. बर्फ न घालता अर्धा तास प्रवास केला असेल तर तो अर्धा तास त्यातून वजा.

यात मेयोनेझ उगीच बदनाम झालं आहे. विकतचं मेयोनेझ चांगलंच आंबट असतं, त्यात जंतूंना वाढणं कठीण जातं. खरा धोका असतो त्यात मिसळलेल्या उकडलेल्या बटाट्याचा, अंड्याचा, भाजीचा, आणि ज्या हातांनी ते कालवलं त्या हातांचा. त्यात भर म्हणजे मेयोनेझ किलोभर भाजीत पसरलं की त्याचा आंबटपणाही पातळ होतो. तेव्हा ‘मी यात मेयोनेझ न घालता दही घातलंय, बाहेर राहिलं तरी चालेल’ हा युक्तिवाद करू नका.

सगळं सॅलड एकदम मांडू नका. निम्मं टेबलावर, निम्मं यजमानांच्या फ्रिजमध्ये. टेबलावरचा बाऊल त्याहून मोठ्या, बर्फ भरलेल्या परातीत ठेवा, पण बर्फ वितळून पाणी बाऊलच्या काठापर्यंत येत नाही ना, याकडे लक्ष असू द्या. इतकं करून शेवटी परातीतलंच पाणी सॅलडात शिरलं तर हसावं की रडावं कळत नाही. पहिला बाऊल संपला की तो उचला आणि दुसरा नवा ठेवा. जुन्यावरच नवं ओतलं तर ताज्या सॅलडालाही जुन्याचं वय लागतं.

१२. उरलं तर

फ्रिजमध्ये राहिलेला निम्मा भाग तीन-चार दिवसांत संपवा. चव पहिल्या दोन दिवसांतच खरी, नंतर भाजी मऊ पडते. टेबलावरचं सॅलड वेळेच्या आत उचललं असेल तर तेही लगेच फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण वेगळ्या डब्यात. वेळ उलटून गेली असेल तर टाकून द्या. वास घेऊन ठरवायला जाऊ नका, आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही.

फ्रीझरमध्ये मात्र अजिबात ठेवू नका. गोठून वितळलं की मेयोनेझ फाटतं, भाजीच्या पेशी फुटतात, आणि सकाळी डब्यात तेच दोन बोटं पांढुरकं पाणी असतं.